घाटात न्यूट्रल, पंप करत ब्रेक: फॉरवर्डमधल्या सल्ल्याचं काय करायचं?

पावसाळी सहलींचे बेत सुरू झाले की 'अनुभवी ड्रायव्हरचे नियम' छापाचा एक मेसेज फॅमिली ग्रुपवर हमखास येतो. सार असं: घाट उतरताना गाडी न्यूट्रल करा, पेट्रोल वाचेल. ब्रेक नेहमी सोडत-दाबत मारा. आधी क्लच, मग ब्रेक. आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पुढच्या गाडीला चिकटून चाललात तरी बिघडत नाही.

न्यूट्रलपासून सुरुवात करू, कारण जीव यातच जातात. कार्बोरेटरच्या जमान्यात या सल्ल्यात थोडं तथ्य होतं. आताच्या इंजेक्शनवाल्या इंजिनात हिशेब उलटा आहे. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की इंधन सोडणारे इंजेक्टर बंद होतात, इंजिनाला चाकंच फिरवत असतात. न्यूट्रल केलंत की इंजिन चालू राहावं म्हणून त्याला आयडलिंगपुरतं इंधन द्यावंच लागतं. म्हणजे ज्या बचतीसाठी हा उपद्व्याप, तीच होत नाही.

वर इंजिनाचा अडसर गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. आंबा घाट उतरून साखरप्यात चहाला थांबलेल्या गाड्यांच्या बाजूने जरा चालून बघा. ज्याने अख्खा घाट ब्रेकवर पाय ठेवून काढलाय, त्याच्या पुढच्या चाकाशी करपलेला वास येतो. पॅड असे तापले की त्यांची पकड कमी होते. उष्णता पुढे कॅलिपरमधून (पॅड दाबणाऱ्या भागातून) ब्रेक ऑइलपर्यंत पोचते, आणि हे ऑइल हवेतली ओल शोषून बसलेलं असतं. डॉट 4 दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच अट 155 अंशांवर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पाय दाबला की बुडबुडे दबतात, पेडल तळाला टेकतं आणि गाडी तशीच जात राहते. मेकॅनिक दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला म्हणतो, ते बिल वाढवायला नव्हे. (कधीकधी तेही असतं, पण इथे नाही.)

काही महाभाग उतारावर इंजिनच बंद करतात. मग बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागात) उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक नीट लागतो, त्यानंतर पेडल दगड. स्टिअरिंगही जड होतं.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एका ट्रकने कित्येक गाड्या चिरडल्या. पहिली बातमी नेहमीची, 'ब्रेक फेल'. तपासणीनंतर पुढे आलं ते वेगळंच: गाडी न्यूट्रलवर सोडली होती. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, पण तापण्याचं गणित तेच.

जुन्या ड्रायव्हरांचा खरा नियम सोपा आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्यातच उतरा. ऑटोमॅटिक असेल तर एल (म्हणजे लो, खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड वापरा.

आता ब्रेक पंप करणं. एबीएस नसलेल्या फियाट-अ‍ॅम्बेसिडरच्या काळात हे बरोबर होतं. 2019 पासून आपल्याकडे नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, आणि ते हेच काम सेकंदाला अनेक वेळा, गरज असेल त्या चाकापुरतं करतं. तुम्ही पाय उचललात की त्याचं काम थांबतं. खरी अडचण वेगळीच आहे: एबीएस लागल्यावर पेडल पायाखाली थरथरतं, खालून कटकट आवाज येतो आणि काहीतरी तुटलं असं वाटून लोक पाय काढतात. काढू नका, पूर्ण दाबून धरा आणि स्टिअरिंग मोकळ्या जागेकडे वळवा. पाऊस पडून गेल्यावर एखाद्या रिकाम्या मैदानात, मागेपुढे कोणी नाही बघून, 40 च्या वेगात एकदा कचकन ब्रेक मारून ती थरथर ओळखीची करून घ्या.

क्लचचं थोडक्यात: अचानक थांबायचं असेल तर दोन्ही एकदम दाबा, काही बिघडत नाही. एरवी आधी ब्रेक, आणि गाडी बंद पडायच्या बेतात आली की क्लच. उतारावर क्लच दाबून ठेवणं म्हणजे न्यूट्रलच.

राहिलं एबीएस आणि अंतर. एबीएसमुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. अंतर कमी होईलच असं नाही. सुट्या खडीवर तर ते वाढूही शकतं. 100 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर कापते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर 42 मीटर तिथेच गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरनिशी आणखी 55 मीटरच्या आसपास, ओल्यावर 75 च्या पुढे. टायर गुळगुळीत असतील तर हे आकडेही विसरा.

म्हणून पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडल्यापासून तुम्ही तिथे पोचेपर्यंत निदान तीन सेकंद जायला हवेत, पावसात त्याहून जास्त. यावर ग्रुपवर ठरलेलं उत्तर येतं: 'गॅप ठेवली की कोणीतरी घुसतोच.' घुसतो, खरंय. मग पाय थोडा उचलून पुन्हा मागे राहायचं. दर वेळी वाया जातात दोन-तीन सेकंद. दहा जण घुसले तरी अर्धा मिनिट.