‘स्पष्टवक्ता’ यांस उत्तर : मखर कुणाचं?

माझ्या भरतनाट्यमवरच्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावानं प्रतिक्रिया आली आहे : “तंजावरच्या भोसल्यांनी आश्रय दिला म्हणून भरतनाट्यम मराठी होत नाही. उसन्या मखरात आपला गणपती बसवायची हौस भारी! लावणी शिकायला लाज वाटली का?” पुढे देवदासींचा विषय एका ओळीत उरकल्याची तक्रार, आणि लेख लांबल्याची कुरकुर.

लांबला, हे मान्य. दोन परिच्छेद सहज कापता आले असते.

पण ‘उसनं मखर’? ही काय बोलायची रीत झाली? ओळख ना पाळख, माझा नाच पाहिलेला नाही आणि थेट लाज काढता! भरतनाट्यम मराठी आहे असं मी लेखात कुठं म्हटलंय, ते दाखवा. तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे (राज्यकाळ १७९८–१८३२) आणि पुढे त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या दरबारातल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू या तमिळ भावांनी सुरुवातीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंत भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा क्रम बसवला. तोच आज चेन्नईपासून चिंचवडपर्यंत शिकवतात. आणि त्याच सरफोजींच्या नावावर मराठी निरूपणं, म्हणजे नाचासाठी रचलेली कथाकाव्यं, आहेत. जयजय, शरणु, अलारु अशा एकेका भागातून मंगळापर्यंत एकच कथा. शब्द मराठी, संगीत कर्नाटक. नृत्यगुरू आचार्य पार्वतीकुमारांनी मुंबईत ती पुन्हा रंगमंचावर आणली. आता यात कुणी कुणाकडून काय उसनं घेतलं, ते तुम्हीच वेगळं काढून दाखवा.

मी डोंबिवलीची. आमच्या बाई माटुंग्याच्या, तमिळ. तट्टुकळी, म्हणजे तालाची काठी, लाकडावर आपटत ताल तमिळमध्ये मोजायच्या आणि अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं, सुटली की अस्सल मराठीत ओरडायच्या : “बस खाली, बस! गुडघे कुठं चाललेत?” क्लासातल्या मुली मला ‘घाटी’ म्हणायच्या, गल्लीतली पोरं ‘मद्राशी’. आजीला ही ‘मद्राशी थेरं’ वाटायची. पण निरूपणातलं पद घोळवायला लागले की तीच स्वयंपाकघरातून माझे उच्चार सुधारायची. आपण नक्की कुणाचे, हा प्रश्न मी शाळेत असल्यापासून घुंगरांसकट वागवतेय. तुम्ही टोपणनावाआडून तो मला नव्यानं शिकवू नका.

राहता राहिली लावणी. यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी मी जीव टाकून ऐकते. ती अदा माझ्या अंगात नाही, म्हणून करत नाही. यात लाज कुठून आली?

देवदासींचा विषय मोठा आहे, तो इथं काढत नाही. यापुढे प्रतिक्रिया खऱ्या नावानं द्या, आणि लेख पूर्ण वाचून. नाहीतर उडवली जाईल.