दहा मिनिटांचा कांदा

हॉटेलात एखादा परदेशी पदार्थ आवडला, की शहाण्या माणसाने बिल चुकतं करावं आणि घरी येऊन झोपावं. मला ते जमत नाही. शेवटचा घास तोंडात असतानाच माझ्या मनात येतं, 'यात असं आहे काय? घरी सहज होईल.' मनात येतं असं मी म्हणतो, पण बहुधा मोठ्यानेच बोलतो. कारण तेवढ्यात बायको माझ्याकडे रोखून पाहते आणि मुलीला अचानक आठवतं, की येत्या रविवारी तिला मैत्रिणीकडे अभ्यासाला जायचंय.

माझं भांडण पदार्थांशी नाही, रेसिपी लिहिणाऱ्यांशी आहे. ही माणसं खोटं बोलत नाहीत, ती गप्प बसतात. आपल्याकडच्या पोरासोरांनाही जे ठाऊक आहे ते लिहायचं कशाला, असा त्यांचा हिशेब असतो. आणि आपल्याला नेमकं तेच ठाऊक नसतं. राजरोस खोटं ती फक्त कांद्याच्या बाबतीत बोलतात.

फ्रेंच अनियन सूप घ्या. कांदे, लोणी, स्टॉक, वर पावाची चकती आणि ग्रुयेर चीज. यादी इतकी साधी की कोणीही फसावं. पहिलीच पायरी: 'कांदे पातळ चिरून लोण्यावर दहा मिनिटं, गडद तपकिरी होईपर्यंत परता.' दहा मिनिटांनी भांड्यात डोकावलं, तर कांदा जेमतेम मऊ पडलेला आणि आपल्याच पाण्यात निवांत डुंबतोय. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते उडून जाईपर्यंत भांड्यातली उष्णता १०० अंशांच्या फारशी वर चढत नाही, आणि तपकिरी रंग धरायला त्याहून बरीच जास्त लागते. म्हणजे पाऊण तास ते तासभर उभं राहून ढवळणं आलं. आच वाढवली तर कडा करपतात आणि मधला कांदा पांढराच राहतो. मंद ठेवली तर जेवणाची वेळ टळून जाते. माझा संशय असा, की खरी वेळ छापली तर कोणी सुरीच हातात घेणार नाही, म्हणून हा दहाचा आकडा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. शेवटी पातेलंभर कांद्यांचा वाटीभर चिखल उरतो. अप्रतिम चिखल, वादच नाही. पण चार माणसांत एक वाटी, आणि त्यातलाही बराचसा ढवळणाऱ्याने चव बघण्याच्या निमित्ताने आधीच संपवलेला.

वेळ निदान काढता तरी येतो. आग कुठून आणायची?

नेपल्सचा पिझ्झा लाकडाच्या भट्टीत, ४०० अंशांच्याही वर, ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. घरचा ओव्हन अगदी जीव काढून २५० अंशांपर्यंत जातो. तिथे त्याच पिझ्झ्याला दहा-बारा मिनिटं लागतात. तोवर पिठातलं पाणी उडून जातं आणि जो पदार्थ दुमडून खायचा तो मोडून खावा लागतो. यावर जाणकार सांगतात, दगड वापरा. म्हणून भाजायचा दगड आणला. तो तासभर तापवायचा आणि मग लाकडी फळीवरून पिझ्झा एका झटक्यात त्यावर सरकवायचा. झटका दिला. टोमॅटो आणि मोझरेला दगडावर गेले, पीठ फळीवरच राहिलं. फळीवर आधी कोरडं पीठ किंवा रवा भुरभुरायचा असतो, ही गोष्ट रेसिपीवाल्याने अर्थातच सांगितलेली नव्हती. युनेस्कोने २०१७ मध्ये नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, त्यात मला जराही अतिशयोक्ती वाटत नाही. दगड सध्या गॅलरीच्या दाराला अडकण म्हणून लावलेला आहे आणि ते काम तो चोख करतो.

कँटनी पद्धतीच्या नूडल्सचंही तेच. त्यांचा तो धुरकट, खमंग वास येतो भडकलेल्या आगीतून. हॉटेलातल्या शेगडीच्या ज्वाळेपुढे आपली शेगडी म्हणजे वाढदिवसाची मेणबत्ती. वर आपण चौघांच्या नूडल्स एकदम कढईत ओततो. कढई तिथल्या तिथे गार पडते, भाज्यांना पाणी सुटतं आणि परतायला घेतलेला पदार्थ उकडून निघतो. थोडं थोडं परतावं, हा उपाय खरा आहे. पण मग पहिल्याचं खाऊन होतं तेव्हा चौथ्याचं कढईत पडतं, आणि स्वयंपाक करणारा बिचारा पाचवा.

उलट रोमच्या कार्बोनारा पास्त्याला आग चालतच नाही. अंड्यातला पिवळा बलक, पेकोरीनो चीज, मिरी, ग्वांचाले म्हणजे खारवलेला डुकराचा गाल, आणि पास्ता उकळल्याचं थोडं पाणी. हे सगळं भांडं आचेवरून उतरवून, नुसत्या पास्त्याच्या उष्णतेवर एकजीव करायचं. साधारण सत्तर अंशांच्या आसपास बलक घट्ट होतो. त्याच्या अलीकडे थांबलात तर रेशमी सॉस, पलीकडे गेलात तर पास्ता घातलेलं ऑम्लेट. 'क्रीम घातलं असतंस तर फाटलं नसतं,' असं बायको म्हणाली. ते खरंच आहे, पण रोमच्या माणसासमोर हे वाक्य उच्चारण्याची हिंमत मला नाही. ऑम्लेट मात्र सगळ्यांनी आवडीने खाल्लं, आणि ही गोष्ट मला फाटण्यापेक्षा जास्त लागली.

क्रोसाँबद्दल मी बोलणार नाही. लोणी आणि पिठाच्या घड्या घालत जायचं, तीन तिहेरी घड्यांत लोण्याचे २७ थर होतात, आणि लोणी मध्येच कुठे वितळलं तर एकही राहत नाही. थंड हातांचा माणूस लागतो. आमच्या घरात अशी एकच व्यक्ती आहे आणि तिने स्वच्छ नकार दिला.

पण हे सगळे एका संध्याकाळचे ताप. खरा ताप कायमचा मुक्कामाला आहे, फ्रिजच्या दारात. कुठल्याही परदेशी पदार्थाला एक चमचा असं काहीतरी लागतं, जे फक्त बाटलीने मिळतं. एका पॅड थाईसाठी, म्हणजे थायलंडच्या नूडल्ससाठी, फिश सॉस आला. मासे आणि मीठ महिनोन्‌महिने मुरवून केलेला हा रस ताटात अमृत आहे. बाटलीतून तो पहिल्यांदा बाहेर पडला तेव्हा मात्र घरातल्यांनी ओट्याखाली काय मेलंय ते शोधायला सुरुवात केली. चमचा संपला, बाटली उरली. ती संपवायची म्हणून व्हिएतनामी सूप करायला घेतलं, त्याला होयसिन सॉस हवा. होयसिन संपवायला आणखी काही, त्याला ऑयस्टर सॉस. मिसो आला, त्याच्या सोबतीला मिरिन आली. कोरियाच्या गोचुजांगचा लाल डबा तर असा ठाण मांडून बसलाय, की दुधाची पिशवी आता आडवी ठेवावी लागते. यातलं काही लवकर खराब होत नाही, हीच खरी अडचण आहे. खराब झालं असतं तर निदान टाकता आलं असतं.

बाटल्यांना कंटाळून मी पर्यायांच्या वाटेलाही जाऊन आलो. पेकोरीनो नाही? दुसरं कुठलंही चीज. आर्बोरियो हा इटालियन तांदूळ नाही? डब्यातला तांदूळ. वाइन नाही? व्हिनेगर. अशाने रिसोट्टो, म्हणजे इटलीचा मऊ भात, झाला, पण तो केवळ नावाने. आर्बोरियोच्या दाण्यातला स्टार्च ढवळता ढवळता सुटतो आणि त्याचीच साय धरते. डब्यातल्या तांदळाने ढवळण्याचा निषेध म्हणून स्वतःचे तुकडे करून घेतले. मुलीने विचारलं, 'बाबा, कोणाला बरं नाहीये का?'

या सगळ्यात यश एकदाच आलं, तेही ताहिनीच्या, म्हणजे वाटलेल्या तिळाच्या, उरलेल्या बरणीमुळे. हमस म्हणजे ताहिनी घालून वाटलेले काबुली चणे. त्याला ना भट्टी लागते, ना भडकलेली ज्वाळा, ना थंड हात. गप्प बसलेल्या गोष्टी मात्र त्यातही होत्या. काबुली चणे रात्रभर भिजवायचे, हे लिहिलेलं होतं. उकळताना चिमूटभर खायचा सोडा घातला की सालं सैल होतात, आणि चणे नुसते शिजून भागत नाही, बोटांत धरताच त्यांचा लगदा व्हायला हवा, हे कुठेच नव्हतं. वाटताना बर्फाचं पाणी घातलं की हमस हलकं आणि पांढरंशुभ्र होतं, हेही नव्हतं. हे सारं इकडून तिकडून गोळा करून मी वाटायला बसलो, आणि खरोखर, हॉटेलात मिळतं तसंच झालं. बायकोने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मुलगी घरात थांबली.

आता ताहिनीची बरणी मोठी होती, आणि भिजल्यावर चणे किती फुगतात हेही रेसिपीत नव्हतं. मंगळवारी हमस पावाला लावलं. बुधवारी काकडीबरोबर झालं. गुरुवारी मी ते पास्त्यात कालवलं आणि त्याला एक इटालियन वाटेल असं नावही दिलं. शुक्रवारी मुलीने स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं, 'आज जेवायला काय आहे? ते सोडून.'