‘परत जा’ म्हणणाऱ्या सातारकर वाचकास

नमस्कार. तुम्ही नाव दिलेलं नाही, ‘एक सातारकर’ एवढंच लिहिलंय, म्हणून मीही तुम्हाला सातारकर असंच म्हणते. तुमची प्रतिक्रिया वाचली आणि मग वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवली. ती म्हणाली, “उत्तर दे, पण रागाच्या भरात देऊ नको.” म्हणून दोन दिवस थांबून लिहितेय.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गेल्या महिन्यात मी दोन गोष्टींबद्दल लिहिलं होतं. एक, राजवाड्याकडे चालत जाताना गटारावरच्या तुटक्या फरशीत पाय अडकून पडले आणि उजवं मनगट मोडलं. दुसरी, मिरवणुकीतला डीजे रात्री साडेबारापर्यंत चालू होता आणि फळीवरच्या वाट्या एकमेकींवर आपटून वाजत होत्या. लेखात इंग्लंडमधल्या लेस्टरच्या फुटपाथचा एका ओळीत उल्लेख होता. त्यावर तुम्ही लिहिलंत: “काकू, ३८ वर्षं तिकडे राहिलात, पासपोर्ट इंग्रजांचा घेतलात, पेन्शन पाउंडात येते, टॅक्स तिकडे भरता. मत द्यायचा अधिकार नाही आणि आम्हाला शहाणपण शिकवता. आईवडील म्हातारे झाले तेव्हा कुठं होता? स्वस्तात राहायला मिळतं म्हणून आलात, तुमच्यासारख्यांनी फ्लॅटचे भाव वाढवले. एवढं पटत नसेल तर परत जा.”

आईवडिलांचा प्रश्न तुम्ही मध्येच विचारलाय. त्याचं उत्तर आधी देते, कारण तुमच्या सगळ्या बोलण्यात तोच एक जिव्हारी लागला, आणि तो खरा आहे.

वडील १९९४ साली गेले. फोन आला, तिकीट मिळेपर्यंत चार दिवस गेले. मी पोचले तेव्हा माहुलीला संगमावर अस्थी सोडूनही झाल्या होत्या. आई २००३ मध्ये सात महिने अंथरुणाला खिळून होती. मी दोनदा आले, तीन-तीन आठवडे. पैसे पाठवत होते, पण लेस्टरहून पाठवलेले पैसे आईची कूस बदलत नव्हते. ती बदलली वहिनीनं, दर दोन तासांनी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. रात्री भाऊ जागला. मी दर रविवारी फोन करायचे आणि आई कालनिर्णयावर त्या तारखेला पेन्सिलीनं फुली मारायची. दिवस झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारामागचं ते कालनिर्णय मी काढून घेतलं. जानेवारीपासून फुल्या आहेत. थरथरत्या, काही तर चौकटीबाहेर गेलेल्या. शेवटच्या पाच मात्र सरळ आणि ठसठशीत आहेत. त्या वहिनीनं मारल्या आहेत. आईचा हात उचलत नव्हता, पण ‘आज खूण केलीस का गं’ म्हणून ती विचारायची. ते कालनिर्णय माझ्या कपाटात आहे. कुठं होता म्हणून विचारलंत ना, तर इथं नव्हते. याहून दुसरं उत्तर माझ्यापाशी नाही.

भाऊ २०१७ मध्ये गेला, माझे यजमान त्याच्या आदल्या वर्षी. वहिनी इथं एकटी, मी तिथं एकटी. तिची मुलं पुण्यात, माझी लेक लेस्टरला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मी सातारला आले ती वहिनीच्या सोबतीला. शनिवार पेठेतल्या वडिलांच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या माझ्या, खालच्या तिच्या, स्वयंपाक एक. त्यामुळे फ्लॅट मी घेतलेला नाही. पण बाहेरच्या पैशानं फ्लॅट घ्यायचे आणि वर्षातले अकरा महिने कुलूप लावून ठेवायचे, यावरचा तुमचा राग मला पटतो. आमच्या ओळखीत असे तीन बंद फ्लॅट आहेत. त्यावर तुम्ही जरूर लिहा.

आता पैशाचं बोलू. पेन्शन पाउंडात येते हे खरं, आणि महिन्याला पाऊण लाखाच्या आसपास ही सातारच्या मानानं मोठी रक्कम आहे, हेही खरं. जन्मभर इथं राबून निवृत्त झालेल्या कितीतरी माणसांच्या हातात त्याच्या पावपटही पडत नाही. ते मी विसरत नाही. पण टॅक्स तिकडे भरता, हे मात्र चुकीचं आहे. भारत आणि ब्रिटनमधल्या दुहेरी कराच्या करारानुसार अशी पेन्शन ज्या देशात माणूस राहतो तिथंच करपात्र असते. म्हणून मी ती इथं दाखवते, दर जुलैला विवरणपत्र भरते. घरपट्टी, पाणीपट्टी आहेच.

आणि तिकडचं सगळं गोड, असं मी कधी म्हटलेलं नाही. ब्रिटिश सरकार तिथं राहणाऱ्यांची पेन्शन दर एप्रिलला वाढवतं. पेन्शनर अमेरिकेत किंवा फिलिपिन्समध्ये गेला तरी वाढवतं. भारतात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेला तर देश सोडतानाच्या आकड्यावर कायमची गोठवतं. मी निघाले तेव्हा पूर्ण पेन्शन आठवड्याला १६८.६० पाउंड होती. २०२५-२६ मध्ये तीच लेस्टरमध्ये २३०.२५ झाली. माझ्याबरोबर कारखान्यात एकाच रांगेत मशीनवर बसलेली बाई, पेन्शनसाठीच्या सरकारी विम्याचे हप्ते तितकेच भरलेली, तिला वाढ मिळते, मला नाही. ॲनेट कार्सन नावाच्या दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या बाई यासाठी पार युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत लढल्या आणि २०१० मध्ये हरल्या. मी स्वतः तिकडच्या खासदारांना दोनदा लिहिलंय, आणि पुन्हा लिहिणार आहे. तेव्हा तक्रार मी फक्त सातारची करते असं समजू नका. जिथं माझा संबंध येतो तिथं मी बोलते.

पासपोर्टचं जरा सविस्तर सांगते, कारण ‘इंग्रजांचा घेतलात’ या शब्दांत तुमचा खरा राग आहे. मी १९८१ मध्ये लग्न होऊन गेले. पहिली ११ वर्षं होजिअरीच्या कारखान्यात ओव्हरलॉकच्या शिलाई मशीनवर, नगावर पगार. पुढे हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात. १५ वर्षं मी भारतीय पासपोर्टवरच होते. विमानतळावर यजमान आणि लेक एका रांगेत, मी दुसऱ्या. एकदा तर लेक रडत रांग सोडून माझ्याकडे पळत आली. १९९६ मध्ये मी सही केली. आपला १९५५ चा नागरिकत्वाचा कायदा सांगतो की दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं संपतं. ते मला माहीत होतं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आईला भेटायला यायचं म्हणून मी व्हिसाचा अर्ज भरला. ‘भेटीचं ठिकाण’ या रकान्यात सातारा लिहिताना हात अडला होता. काउंटरवरच्या मुलीनं “मॅडम, झालं का?” विचारलं तेव्हा कुठं पुढचा रकाना भरला. नंतर २००५-०६ मध्ये ओसीआय, म्हणजे परदेशाचं नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांसाठीचं कार्ड आलं, माझंही कार्ड झालं. आता व्हिसा लागत नाही, हवं तितकं राहता येतं. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

मत नाही, हे तुम्ही मला लागेल म्हणून लिहिलंत. लागलंच. ७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं. वहिनीचे गुडघे धड नाहीत, म्हणून तिला हाताला धरून शाळेतल्या केंद्रावर नेलं. दारापर्यंतच गेले. तिची पिशवी आणि काठी घेऊन बाहेर कडुनिंबाखाली उभी राहिले. ती बोटावरची शाई दाखवत बाहेर आली. लहानपणी याच शाळेत मी पाढे म्हटलेत. पुढे ४ जुलैला ब्रिटनची निवडणूक झाली, तिथं माझ्या वतीनं लेकीनं मत टाकलं. भारतानं मला मत द्यावं असं माझं म्हणणं नाही. सही माझी आहे, परिणाम मला मान्य आहे. पण एक सांगते. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर राहत असेल तर तिथल्या संसदेसाठी मत देऊ शकतो. म्हणून १९८७ मध्ये लेस्टर ईस्ट मतदारसंघातून मूळच्या गोव्याच्या कुटुंबातले कीथ वाझ निवडून आले, तेव्हा माझ्या हातात भारतीय पासपोर्ट होता आणि तरी मी मतदान केलं होतं. आपण जिथं राहतो तिथल्या रस्त्याबद्दल बोलायचं असतं, हे मी त्या वर्षांत शिकले.

ज्या बाईकडून शिकले त्या युगांडातल्या कंपालाहून आलेल्या गुजराती होत्या, माझ्या शेजारच्या मशीनवर. १९७२ मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन यानं युगांडातून आशियाई लोकांना हाकललं तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलनं, म्हणजे नगरपालिकेनं, युगांडातल्या ‘युगांडा आर्गस’ या पेपरात जाहिरात दिली होती: आमच्याकडे जागा नाही, घरं नाहीत, शाळा भरल्यात, लेस्टरला येऊ नका. त्या तरीही आल्या, त्यांच्यासारखी हजारो माणसं आली. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरची आजची साड्यांची, दागिन्यांची, मिठाईची दुकानं याच माणसांनी उभी केली. आमच्या गल्लीतला दिवा बंद होता, दुसऱ्या पाळीहून येताना अंधारात चाचपडत यावं लागायचं. मी घाबरून गप्प. त्यांनी चार ओळींचं पत्र लिहिलं, इंग्रजी मोडकंतोडकंच, आणि माझीही सही घेतली. तीन आठवड्यांनी दिवा लागला. त्याच थंडीत बसस्टॉपवर एक माणूस आमच्या तोंडावर म्हणाला होता, आपापल्या देशात परत जा. त्या बाईंनी माझा हात धरला आणि बस येईपर्यंत सोडला नाही.

तेव्हाही मी गप्प राहिले होते. तुमचं ‘परत जा’ वाचताना तोच बसस्टॉप आठवला. फरक इतकाच की तुम्ही ते माझ्या भाषेत लिहिलंत, काकू म्हणून लिहिलंत. म्हणून तुम्हाला सांगते: मी जाणार नाही.

डीजेच्या बाबतीत तर मी इंग्लंडचं काहीच आणलेलं नाही. नियम आपलाच आहे, ध्वनिप्रदूषणाचा, २००० सालचा. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीसाठी राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सवलत देता येते, तीही आवाजाची मर्यादा सोडून नव्हे. मिरवणूक नको, असं मी लिहिलेलंच नाही. मी लेझीम खेळलेली मुलगी आहे. ढोल-ताशा ऐकून आजही गॅलरीत धावते. पण त्या रात्री समोरच्या घरातल्या ८४ वर्षांच्या आजोबांना त्यांच्या सुनेनं कानात कापूस घालून मागच्या न्हाणीघरात नेऊन बसवलं होतं, कारण तेवढ्याच एका खोलीला रस्त्याकडे खिडकी नाही. ते आजोबा जन्मात साताऱ्याबाहेर राहिलेले नाहीत. त्यांनी कुठं परत जायचं?

आणि फरशी. मी पडले तेव्हा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून माझा हात गळ्यात बांधला, रिक्षा थांबवली, टोपली शेजारणीवर सोपवून दवाखान्यापर्यंत आल्या. आजवर त्यांनी मला पासपोर्ट विचारलेला नाही. एसटीनं वाईला जाते तेव्हा कंडक्टरही विचारत नाही, बाई म्हणून अर्धं तिकीट देतो. सहा आठवडे प्लॅस्टर होतं. भात वेळायलाही वहिनीला हाक मारावी लागायची, आणि ती त्या गुडघ्यांनी उठायची. प्लॅस्टर निघाल्यावर मी जाऊन पाहिलं, फरशी तशीच आहे. कुणीतरी खूण म्हणून भोकात झाडाची फांदी रोवून ठेवली आहे. फांदीची पानंही आता वाळली. मावशींनी सांगितलं की माझ्यानंतर एक शाळकरी मुलगा तिथंच पडला.

आता मला तुमच्याकडून एक हवंय. त्या रस्त्याच्या गटारकामाची माहिती मागायची आहे: शेवटचं काम कधी झालं, किती खर्च झाला, दुरुस्तीची मुदत कुठवर आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कलम ३ प्रमाणे नागरिकालाच करता येतो, म्हणजे माझी सही चालत नाही. वहिनीची चालेल, पण तिला कार्यालयाचे जिने चढवत नाहीत आणि पहिल्या अपिलाची वेळ आली तर कुणीतरी हिंडणारं माणूस लागेल. तुम्ही नागरिक आहात, मतदार आहात, आणि तुमच्या लिहिण्यावरून तुमचंही गावावर प्रेम आहे. मसुदा मी तयार ठेवलाय. जोडपत्र अ, म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला की झालं. उत्तर ३० दिवसांत यायला हवं.

खाली ‘हो’ एवढं लिहिलंत तरी पुरे, मसुदा पाठवते. किंवा घरीच या. संध्याकाळी पाचनंतर आम्ही दोघी असतो. वहिनी म्हणाली, येणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, ती थालीपीठ लावेल.