समझोता टाळायचाय? मग एवढं कराच

हे बघा, वाद भावाशी असो, पार्टनरशी असो नाहीतर एखाद्या कंपनीशी, एक काळजी घ्यायची, तो मिटता कामा नये. मिटला तर चारचौघांत सांगणार काय, 'बसलो, बोललो, झालं'? 'मॅटर कोर्टात आहे' म्हणण्यात जो रुबाब आहे तो त्यात कुठून येणार!

सगळ्यात मोठा धोका मध्यस्थीचा, म्हणजे मिडिएशनचा. तिथला मिडिएटर निकालच देत नाही, कोण बरोबर कोण चूक हेही सांगत नाही, नुसतं विचारतो की तुम्हाला नक्की काय हवंय. फार डेंजर प्रश्न आहे हा, चुकूनही खरं उत्तर देऊ नका, कारण खरं उत्तर बऱ्याचदा 'त्याने एकदा सॉरी म्हणावं' एवढंच निघतं आणि मग दाव्यातला तो भलामोठा आकडा उघडा पडतो. पुढे तो दोघांना वेगवेगळं घेऊन बसतो, म्हणतो इथलं तुमच्या परवानगीशिवाय पलीकडे जाणार नाही, आणि तिथलं बोलणं नंतर कोर्टात पुरावा म्हणून सहसा वापरताही येत नाही. म्हणजे मोकळं बोलायची एवढी सोय! म्हणूनच गप्प बसायचं. हाताची घडी, नजर छताकडे, आणि अधूनमधून 'प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे'.

त्याहून भारी म्हणजे स्वतः जाऊच नका, सहीचा अधिकार नसलेला कुणीतरी पाठवा. कंपन्यांना हे मस्त जमतं, माणूस दिवसभर मान डोलावतो आणि शेवटी म्हणतो 'वरती विचारून सांगतो'.

(समोरचा मारहाण करणारा, धमकावणारा असेल तर मात्र सरळ कोर्टात जा, अशा माणसासमोर कुणाला तडजोडीला बसवणं हेच चूक आहे, आणि हे मी गमतीत म्हणत नाहीये.)

वकील हिशोब मांडायला लागला, की हरलो तर काय, जिंकलो तरी अपील आणि वसुली धरून हातात किती आणि कधी, तर लगेच विषय बदला. हा हिशोब कळलेला माणूस समझोत्याला तयार व्हायची फार भीती.

लवाद म्हणजे आर्बिट्रेशनमध्ये (तिथे कोर्टाऐवजी नेमलेले पंच वाद ऐकतात) निदान निकाल तरी लागतो. पण तो आवडला नाही तर पंचाईत, कारण बहुतेक देशांत निवाडा रद्द करायची कारणं मोजकीच असतात आणि 'लवादाचं चुकलं' एवढ्यावर सहसा भागत नाही. वर 1958 च्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शन ह्या आंतरराष्ट्रीय करारामुळे तो 170 हून जास्त देशांत वसूल करता येतो, पळणार कुठे? म्हणून तयारी आधीच, करार करतानाच करून ठेवायची. लवादाचं कलम नेहमी सगळ्यात शेवटी येतं, सौदा ठरलेला, सगळे दमलेले, त्याला मध्यरात्रीचं कलम म्हणतात ते उगाच नाही. तेव्हा कुणी 'लवाद किती जण, कुठे बसणार, कोणत्या देशाचा कायदा' असलं काही विचारायला लागलं तर म्हणा 'ते बघू नंतर'. मग मूळ वाद राहतो बाजूला आणि भांडायचं कुठे ह्यावरच कोर्टात जाता येतं.

आणि समजा एवढं सगळं करूनही मसुदा तयार झालाच, समोरचा सही करून मोकळा झालाच, तर पेन हातात घ्या, टोपण काढा आणि शांतपणे विचारा, 'माझ्या वकिलाची फी कोण देणार?'