पोळा परफेक्ट कसा साजरा करावा

पोळा झाला, पण पुढच्या वर्षीची तयारी आतापासून केलेली बरी. यंदा आमच्याकडे पुण्याहून आतेभाऊ अन् त्याची बायको आले होते खास पोळ्याची रील काढायला, त्यांच्याकडून फुकटात जे शिकायला भेटलं ते तुमच्यापर्यंत पोचवतो बाप्पा.

स्वतःचे बैल असलेच पाहिजेत असं काही नाही. तशाही गावात आता जोड्या कमी अन् ट्रॅक्टर जास्त. शेजाऱ्याची जोडी घ्या, कासरा धरा, खाली लिहा "माझी माती, माझी माणसं".

आदल्या दिवशी खांद शेकताना मात्र काळजी घ्या. वर्षभर जू घासून बैलाच्या खांद्याला घट्टा पडलेला असतो, म्हणून तर आपण तिथं पळसाच्या पानानं तूप-हळद लावतो, पण तो घट्टा व्हिडिओत लय घाण दिसतो म्हणे. "दादा, हे एडिटमध्ये जाईल ना?" असं मलाच विचारलं. अन् "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" हे एकदाच म्हणून भागत नाही. आवाज नीट आला नाही, परत म्हणा, मागून कुत्रं भुकलं, परत म्हणा. बैलाला वाटलं असेल उद्या गावजेवणच आहे.

फाटलेली पुरणपोळी खाली, गोल असलेली वर.

मागं सोयाबीन पिवळं पडलेलं असेल तर घाबरू नका, रीलमध्ये ते "गोल्डन" दिसतं. फक्त २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये आहे हे खाली लिहू नका, बाजारात काय भेटते ते आपल्याला माहीत आहे, उगाच लोकं हसतील.

पोरींनो, फिल्टरशिवाय फोटो काढूच नका. आमची पुतणी दहावीत आहे, पाहुणे आल्यापासून तिला आपला रंग, आपलं नाक, सगळंच चुकलेलं दिसू लागलं आहे. इन्स्टाग्रामवाल्या कंपनीच्याच आतल्या पाहणीत, जी २०२१ मध्ये बाहेर फुटली, असं निघालं होतं की ज्या पोरींना आधीच आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं त्यातल्या ३२ टक्के म्हणाल्या, इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं. म्हणजे चालवणाऱ्याला माहीत, तरी चालूच आहे. असो, तुम्ही फिल्टर लावा.

आता मुख्य सल्ला. फ्रेममधून नको ती माणसं काढा. तोरणाखाली सगळ्या जोड्या उभ्या, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, रंगात आलेल्या, "हर बोला हर हर महादेव" सुरू, अन् आमच्या जोडीजवळ आमचे सालदार, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर राबणारे गडी, सकाळी बैल धुऊन, शिंगांना बेगड लावून, झूल टाकून उभे. तेवढ्यात पाहुण्यांचं सुरू, "काका, जरा बाजूला होता का, फ्रेममध्ये येताय." म्हातारा म्हणाला, "सरकतो नं बापू," अन् सरकला. तर बैलही त्याच्यामागं सरकले, कारण त्यांना त्याचा आवाज कळतो, तुमचा कॅमेरा नाही! मग कासरा ओढायला लागले हे पांढऱ्या कुर्त्यातले शेतकरी, बैल बुजला, झूल चिखलात, पोळा फुटायच्या आधीच आमच्या जोडीभोवती पळापळ. अन् एवढं करून जी रील टाकली त्यात काय, तर म्हाताऱ्याचा नुसता हात दिसतो कडेला, तोही अर्धा कापलेला, अन् खाली लोकं लिहितात, किती साधं सुंदर आयुष्य!

कोणाचं आयुष्य रे? ज्याचं आहे त्याला तर तू बाजूला उभा केला! बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला तोच माणूस घरोघरी बैल घेऊन फिरतो, पोळ्याला आमच्याकडे आधी त्याचं ताट लागते अन् मग आमचं, अन् त्याचं धोतर मळकं म्हणून तुझी फ्रेम खराब होते? मळलं असेल, वर्षभर वावरात राबतो तो माणूस. पाहुणे म्हणून या ना, चार दिवस राहा, पोटभर जेवा, बाजेवर लोळा, कोणी नाही म्हटलं? पण आमच्या घरात येऊन आमच्याच माणसाला, आमच्याच पोरीला, तू दिसायला बरा नाहीस असं सांगायचं असेल तर तिकडंच राहा, त्या स्टुडिओत भाड्यानं प्लास्टिकचे बैल भेटत असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत, म्हणजे इडापिडा गावाबाहेर न्यायचा पुतळा, घेऊन पोरं ओरडत गेली, रोगराई घेऊन जा गे मारबत, खोकला घेऊन जा गे मारबत. मीही अंगणात उभा राहून जोरात ओरडलो, रीलवाले घेऊन जा गे मारबत! पाहुणे ओसरीत चहा पीत होते, ऐकलं असेल तर ऐकलं असेल.