कोटा, कर्ज आणि कॅनडातले आदिवासी

विन्याने नेहमीप्रमाणे निकाल आधी सांगितला. "कंत्राटं राखून ठेवली की आदिवासींचे धंदे उभे राहत नाहीत, दलाल उभे राहतात."

विषय कॅनडाचा होता. तिथल्या केंद्र सरकारने २०२१ मध्ये ठरवलं, की सरकारी कंत्राटांच्या एकूण रकमेपैकी किमान ५ टक्के आदिवासींच्या कंपन्यांकडे जायला हवेत. राखीव कंत्राटं १९९६ पासून होतीच, सक्तीचा आकडा नवा.

"अट काय?" मंजूने विचारलं.

"५१ टक्के मालकी आणि ताबा त्यांचा."

"म्हणजे सरपंच बाई, कारभार नवऱ्याचा!" सुहास म्हणाला.

हसण्यावारी नेलं, पण बोलला खरं. कागदोपत्री आदिवासी कंपन्यांचा विषय २०२४ मध्ये तिथल्या संसदीय समितीपर्यंत गेला. त्याच नोव्हेंबरात एक मंत्री मंत्रिमंडळातून बाहेर पडला. त्याचा सहभाग असलेल्या जुन्या कंपनीने सरकारी निविदेत स्वतःला आदिवासींच्या मालकीची म्हणवलं होतं.

"मग बंदच करा ना," विन्या.

"बोगस दाखले सापडले म्हणून राखीव जागा बंद करतोस का तू?" मंजू भडकली. "आणि धंदा जमत नाही म्हणताना एवढं बघ, की जमू कोणी दिला नाही. प्रेअरी भागात, म्हणजे तिथल्या पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांत, आदिवासींच्या राखीव वस्तीवरच्या शेतकऱ्याला स्वतःचा गहू विकायला सरकारी एजंटाची चिठ्ठी लागायची. गोऱ्या शेजाऱ्याला नाही."

"ते जुनं झालं."

"कलम ८९ जुनं नाही." इंडियन ॲक्ट या तिथल्या आदिवासींसाठीच्या कायद्यातलं हे कलम आहे. राखीव वस्तीवरची आदिवासींची मालमत्ता बाहेरच्या सावकाराला साधारणपणे गहाण घेता येत नाही, जप्तही करता येत नाही. हेतू जमीन वाचवण्याचा, आणि ती वाचलीही. पण तारण नाही म्हटल्यावर बँक दारात उभं करत नाही. मला विचाराल तर खरी गाठ इथे आहे. कंत्राट हातात आलं, तरी माल घ्यायला आणि पगार द्यायला आधी पैसा लागतोच.

ही गाठ थोडी सुटली ती कोट्याने नव्हे. २००५ च्या एका कायद्याने फर्स्ट नेशन्स फायनान्स अथॉरिटी नावाची संस्था उभी राहिली. ती जमीन मागत नाही, समाजाचं स्वतःचं उत्पन्न तारण धरते. अनेक समाजांची गरज एकत्र करून बाजारात रोखे विकते. याच वाटेने नोव्हा स्कोशियातल्या मेंबर्टूसह काही मिगमॉ आदिवासी समाजांनी २५ कोटी डॉलर उचलले आणि एका भागीदार कंपनीबरोबर क्लियरवॉटर ही मोठी मासळी कंपनी निम्म्या हिश्शाने घेतली. व्यवहार साधारण १ अब्ज डॉलरचा. नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाला, जानेवारीत पुरा झाला.

"बघ!" मंजू.

"तारीख बघ," विन्या म्हणाला, आणि इथे मात्र त्याने गाठलं. २०२० च्याच सप्टेंबरात त्याच प्रांतातल्या सिपेक्नेकाटिक या मिगमॉ समाजाने स्वतःची लहान लॉब्स्टर मासेमारी सुरू केली. १७६०-६१ च्या तहांप्रमाणे 'माफक उपजीविके'पुरते मासे धरून विकण्याचा त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच मान्य केला होता. तरी ऑक्टोबरात बिगर-आदिवासी मच्छीमारांचा जमाव चालून गेला, त्यांची पकड नासवली, साठवणीची एक इमारत जळाली. "बोर्डरूममध्ये मालक, आणि किनाऱ्यावर चार सापळे टाकले तर मार. यात नोकरी कोणाची वाढली?"

मंजू थोडा वेळ गप्प होती. सुहास मध्येच म्हणाला, सरकारने हमी द्यावी आणि बाजूला व्हावं. २०२४ च्या अर्थसंकल्पात आदिवासींच्या गुंतवणुकीसाठी ५ अब्ज डॉलरची कर्जहमी आली, पुढच्या वर्षी ती १० अब्जांवर नेली, ते त्याला पुरेसं वाटत होतं.

"बाजूला कसं व्हायचं?" मंजू म्हणाली. "माफक म्हणजे किती सापळे, कोणत्या हंगामात, हे २१ वर्षं ठरवलं नाही म्हणून तर आग लागली. कर्ज ५० माणसांच्या कंपनीला मिळेल. एका बोटीवाल्याला हक्कच लागतो."

"मग ठरवणार कोण? सरकार?"

"दोघं मिळून."

"माशांच्या साठ्याची जबाबदारी कायद्याने मत्स्य खात्याची," विन्या हटेना. "शेवटची सही एकाचीच असणार."

"तीच तर वाटून घ्यायची आहे," मंजू म्हणाली, आणि सुहासने पहिल्यांदाच तिची बाजू घेतली.