पांढऱ्या छतानं हवा तापते म्हणे!

चुन्याची पोती जिन्यात येऊन पडली होती. उन्हाळ्याआधी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आत्या राहते त्या जुन्या घराच्या छतावर चुन्याचे दोन हात मारायचे ठरले होते. तेवढ्यात आत्याचा फोन. "राहू दे रे. पांढऱ्या छतावरून ऊन उलटं फिरतं आणि हवा तापते. डांबर बरं, ते ऊन पिऊन घेतं. ग्रीन बिल्डिंग, म्हणजे ऊर्जा वाचवणारी घरं, हे सगळं थोतांड आहे, ग्रुपवर आलंय."

पिऊन घेतलेलं ऊन जातं कुठे, आत्या? रात्री अकरा वाजता तुझ्या पंख्याखाली जी भट्टी पेटते ना, ते तेच. पांढऱ्यावरून परतलेला प्रकाश बहुतांशी जसा आला तसाच हवेतून आरपार अवकाशात जातो. काळं छत मात्र तापतं आणि उष्णता सोडतं. कार्बन डायऑक्साइड अडवतो तो ही उष्णता, प्रकाश नव्हे. पटत नसेल तर देवळाच्या फरशीवर दुपारी अनवाणी चालून बघ. पांढरा पट्टा तिथे शोभेला रंगवत नाहीत. अहमदाबादेत २०१७ पासून वस्त्यांमधली छतं मुद्दाम पांढरी करताहेत.

पुढे म्हणे, हवामान बिघडतं गाड्यांमुळे, घरं कुठे धूर सोडतात? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अहवाल सांगतो: २०२१ मध्ये ऊर्जा आणि उत्पादनप्रक्रियांतून जगभर निघालेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ३७ टक्के इमारती आणि बांधकामामुळे. सिमेंटसाठी चुनखडी भाजली की तिच्यातूनच तो वायू निघतो, आणि एसीची वीज बहुतांशी कोळशावर तयार होते. एवढ्यावर हा मुद्दा संपला.

आणि म्हणे, असल्या घराला खर्च दुप्पट येतो? चुन्यात थोडा फेविकॉल, बस.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं मान्य. पूर्ण काचेचा डबा बांधायचा, दिवसभर एसी चालवायचा आणि दाराशी हिरवं प्रमाणपत्र टांगायचं, हा प्रकार चालतो. आणि हो, आपले जुने वाडे शहाणे होते. जाड दगडी भिंती, चौक. ग्वाल्हेरातल्या सूफी संत मुहम्मद गौसच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्या बघा, सावली आणि वारा दोन्ही एका दगडात. पण म्हणून नवं काही नको, हे फॉरवर्डवाले कुठल्या तोंडानं म्हणतात? त्यांनीच तर चौकावर पत्रे टाकले.

२०१८ ची इको निवास संहिता, म्हणजे घरांत ऊर्जा वाचावी म्हणून केंद्र सरकारनं केलेली नियमावली, वाड्यांचंच शहाणपण तर सांगते. ग्वाल्हेरसारख्या हवामानात उघडता येणाऱ्या खिडक्या घराच्या चटईक्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के हव्यात, आणि छतातून उष्णता झिरपण्यावर मर्यादा हवी. नुसत्या स्लॅबला ती पाळता येत नाही, वर उष्णता अडवणारा थर घालावाच लागतो.

रविवारी येतो, आत्या. पोतं फोडू नकोस, पिंप तेवढं रिकामं करून ठेव.